ठेंगणी चौकट

आमच्या निवाऱ्यातली मुलं माझ्या माघारी मला शिडी म्हणतात. माझी उंची तशी आहेच, आणि स्वभावही म्हणे तसाच ताठ. बेघर झालेल्या कुटुंबांना घर मिळेपर्यंत सांभाळायचं, हे माझं काम. एक मोठा हॉल आहे. प्रत्येक कुटुंबाला त्यातला एक तुकडा, गाद्या आणि पत्र्याचं कपाट मिळतं. मधे पडदे लावायला मी परवानगी देत नाही. पडद्याआड कोण उपाशी आहे आणि कोण रडतंय, ते मला कळायला हवं.

गवंडी, त्याची बायको आणि त्यांचं वर्षाचं पोर आमच्याकडे आले, ते त्यांची इमारत धोक्याची ठरवून पाडल्यावर. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. पोर मात्र गुटगुटीत होतं. दोन दिवसांत अख्खा हॉल त्याला भोपळा म्हणू लागला.

भोपळ्याचे पाय चालायला शिवशिवत होते. तो कपाटाला धरून उठायला गेला की आई त्याला पुन्हा खाली बसवायची. एकदा मला राहवलं नाही.

"अगं, पांगळं करतेस का त्याला? उभं राहू दे की!"

"नको ताई," ती म्हणाली. "पहिलं पाऊल त्यानं आपल्या घरात टाकायला हवं. बाकी सगळं गेलं. तेवढं एक तरी आपल्या घरात होऊ दे."

मी चिडलेच. घर कधी मिळेल याचा पत्ता नाही, आणि पोराचे पाय काय सरकारी मंजुरीची वाट बघणार होते? पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि जीभ आवरली.

गवंडी हे ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून दोरी काढली, खडूच्या भुकटीत घोळवली, फरशीवर ताणून धरली आणि टणकन सोडली. सरळसोट पांढरी रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी. पाडलेल्या खोलीचं माप त्याला तोंडपाठ होतं. इथे ओटा, इथे मोरी, इथे खिडकी. एका बाजूला दारापुरती जागा मोकळी सोडली.

"हॉल काय तुझ्या मालकीचा आहे?" मी विचारलं.

"हॉल तुमचा, ताई. खोली आमची," तो हसला. "नुसत्या भिंती चढवायच्या राहिल्यात. या ना, पण डोकं सांभाळा. आमची चौकट ठेंगणी आहे."

असल्या थट्टेला मी भीक घालत नाही. मी तरातरा रेघ ओलांडून आत गेले. पोरं किंचाळली, "शिडी भिंतीतून गेली!"

सकाळी फरशी पुसली जायची, संध्याकाळी गवंडी पुन्हा दोरी मारायचा. हळूहळू पुसणारी बाईसुद्धा रेघांच्या कडेकडेने पुसू लागली. शेजारपाजारचे दाराशी थांबून तोंडाने "टकटक" म्हणायचे, वाकून आत यायचे. भोपळा रांगत रेघेशी आला की बाप फरशीवर थाप मारायचा, "भिंत!" आणि त्याचं तोंड दाराकडे वळवायचा. आई बघत राहायची, पण पोराला उभं राहू द्यायची नाही. "रेघा ओढून घर होतं का?" म्हणायची.

मग एके दिवशी घरवाटपाचे साहेब येणार असा निरोप आला. तिने सकाळपासून बोचकी बांधून ठेवली. साहेब आले ते थेट भिंतीतून, आणि उभे राहिले ते नेमके ओट्यावर.

"तुमचं घर मंजूर आहे," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नजर चुकवत होता. "पण इमारतीचं काम अडलंय. अजून काही महिने तरी लागतील."

तिचे हात गळून पडले. त्या हातांतला भोपळा सुटला, बोचकं धरून उठला आणि चालायला लागला.

एक पाऊल. दुसरं. तिने त्याला धरायला हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. तो डुलत डुलत रेघेपर्यंत गेला. पलीकडे सगळी मुलं हात पसरून बसली होती. एक पाय टाकला असता तर तो त्यांच्यात पोचला असता. पण तो थांबला. रेघेकडे बघितलं, वळला आणि भिंतीच्या कडेने चालत, दाराच्या मोकळ्या जागेतून बाहेर पडला. मग दाणकन बसला.

इतकी वर्षं मी लोकांना घरं मिळताना बघितली होती, पण घर म्हणजे काय ते त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे दुडुदुडु चालत गेलं होतं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली. "दारातून गेला तो. घरातूनच निघाला ना मग?"

गवंड्याने मान डोलावली. साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. ते ओट्यावरून बाजूला झाले आणि दारातून बाहेर पडले.

मी भोपळ्याला उचललं आणि त्या मोकळ्या जागेसमोर जाऊन उभी राहिले.

"टकटक," मी म्हणाले.

"कोण आहे?" डोळे पुसत तिने आतून विचारलं.

"मी. शिडी."

"या ना, ताई. जरा डोकं सांभाळून."

मी वाकले आणि आत गेले.