टॅन्सी बोलत नाही

सोमवारी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, येऊन आमच्या टॅन्सी कुत्रीला शेवटची सुई देणार, हे गुरुवारी ठरलं. ठरलं ते माझ्या तोंडामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी ऍडमला शिव्या घालीन तेव्हा कुणी म्हणायला नको की निसीम स्वतःचं तेवढं झाकतो.

मी केनेलवाला. इंग्लंडात मेडनहेडच्या पलीकडे शेतांच्या मधे ब्लडहाउंड कुत्र्यांचा एक ताफा आहे. एकोणीस वर्षं मी त्यांची घाण काढतोय, त्यांना मांस कापून घालतोय, त्यांचे लोंबते कान पुसतोय. इथे कुत्र्यांनी कोल्हा मारायला कायद्याने बंदी आहे, म्हणून आमची कुत्री माणसामागे धावतात. एक माणूस अर्धा तास आधी पळत सुटतो, मग त्याच्या वासावर ताफा सोडायचा, आणि मागून घोड्यांवर बसून पैसेवाले. कुत्री त्याला गाठतात आणि चाटून चाटून ओला करतात. झाला खेळ.

पण वास लागला की हाउंडने गळा काढलाच पाहिजे. झाडीत कुत्री दिसत नाहीत. घोडेस्वार आवाजामागे जातात. मुका हाउंड एकटाच पुढे जाऊन माणूस गाठतो आणि बाकी सगळे मागे बावळटासारखे उभे. चावऱ्या कुत्र्याला एकवेळ माफी मिळेल, मुक्याला नाही.

टॅन्सी मुकी निघाली. नाक असं की रात्रभर पाऊस झोडपून गेलेला माग सकाळी उचलायची. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही.

ऍडम आमचा मास्टर, म्हणजे ताफ्याचा मालकच समजा. वय चाळीस, घराण्यात चार पिढ्या कुत्री. गुरुवारी त्याने मला विचारलं, "निसीम, हे हिच्यात आलं कुठून?"

आणि मी, केनेलमधल्या जुन्या वंशावळी वाचून वाचून स्वतःला पंडित समजायला लागलेला मी, छाती फुगवून म्हणालो, "आईकडून. हिची आजीसुद्धा उशिराच बोलायची. रक्तातच आहे ते."

"वाटलंच मला. मग आईची पुढची वीण बंद. आणि हिला सोमवारी."

"कुणाला देऊन टाकली तर?"

"हाउंड घरात जात नाहीत. माझ्या आजोबांपासूनचा नियम आहे."

घरात जात नाहीत म्हणे! पिल्लं असताना जातात की. आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू आसपासच्या घरांत वाढवायला द्यायचं, ही इथली रीत. माणसांची, गाड्यांची, कोंबड्यांची सवय व्हावी म्हणून. वर्षभराने परत घ्यायचं, मग उन्हाळ्यात पिल्लांचा शो. गोल काळ्या टोप्या घातलेले परीक्षक पाय, मान, छाती बघतात आणि ज्यांनी पिल्लू वाढवलं त्यांना चांदीचा चमचा देतात. वर्षभराच्या मायेला एक चमचा. टॅन्सीचा दुसरा नंबर आला होता. तिला वाढवलं होतं डॉक्टर सुलक्षणाबाईंनी.

केनेलची पद्धत अशी, की मारलेल्या कुत्र्याचं वाढवणाऱ्यांना कळवायचं नाही. कुणी विचारलंच तर "लांबच्या ताफ्यात पाठवली" म्हणायचं. हे खोटं मला एकोणीस वर्षं पुरलं. या वेळी पुरेना. शुक्रवारी दुपारी मी मेडनहेडला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बाई मूळच्या पुण्याच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढून रिटायर झालेल्या. नवरा डॉक्टर शशी, हाडांचे सर्जन. चार वर्षांपूर्वी त्यांची आठवण जायला लागली. मी गेलो तेव्हा ते सोफ्यावर बसून कोटाची बटणं लावत होते, काढत होते, पुन्हा लावत होते.

"निघायला हवं," ते मला म्हणाले. "क्लिनिक आहे."

बाईंनी माझ्यामागे दार लावलं. दाराला दोन कड्या होत्या. वरची नवी, इतकी उंच की लावायला बाईंना स्टुलावर चढावं लागलं.

"ही कधी बसवलीत?"

"तुम्ही टॅन्सीला नेलंत ना, त्याच आठवड्यात. बसा. चहा घेणार, की तुमचा शब्बाथ सुरू झाला?"

"सूर्य आहे अजून. आणि उद्या शब्बाथलाही मी कामावरच असतो, त्यामुळे स्टॅनमोरची आमची ज्यू माणसं माझ्याशी तशीही बोलत नाहीत."

"मग दोन कप घ्या," म्हणत त्यांनी साखर ढवळली. चमचा तोच, चांदीचा.

मी सरळ सांगितलं. मुकी आहे, रक्तात आहे, सोमवारी सुई. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मुकी? अहो, मुकी कशाने असेल? मीच गप्प केलंय तिला."

"म्हणजे?"

"हा शशी निघून जायचा घरातून. या गुडघ्यांनी मी काय धावणार? ते पिल्लू जायचं मागे. नदीवर, स्टेशनवर, कुठेही असला तरी सापडायचाच तिला. पण पहिल्यांदा सापडल्यावर ती भुंकली, आणि हा घाबरून सरळ रस्त्यात पळाला. गाडीवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज बटणं लावतोय. मग मी तिला शिकवलं. सापडला की जवळ जायचं नाही, आवाज करायचा नाही. दहा पावलांवर बसायचं आणि बघत राहायचं. गप्प बसली की शिऱ्याचा घास."

"शिऱ्याचा?"

"साजूक तुपातला. पट्ट्याला ते फोनवर ठिकाण दाखवणारं यंत्र लावलेलं होतं, त्यावर बघून मी पोचायचे सावकाश."

"बाई, हे आम्हाला सांगायचं नाही का?"

"तुमच्या फॉर्मवर जंत विचारले होते, लसी विचारल्या होत्या, कोंबड्या मारते का तेही होतं. शिरा कुणी विचारला नव्हता." मग आवाज खाली आला. "मी तिला परत मागितली होती हो. पत्र लिहिलं तुमच्या ऍडमला. हाउंड घरात जात नाहीत, असं उत्तर आलं. वर्षाने परत द्यायची, या कागदावर मी सही करून बसलेले. काय करणार? कडी आणली."

घरी येताना केनेलच्या व्हॅनमध्ये मी स्वतःला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. आमच्या बेने इस्राएल लोकांत, म्हणजे कोकणातल्या ज्यूंत, पूर्वी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल अशी वाटणी होती. माझी आजी काळ्यांतली. गोऱ्यांच्या पंगतीत तिला जागा नव्हती. का, तर रक्त. कुणी तपासलं होतं तिचं रक्त? कुणीच नाही. हे ऐकत मी मोठा झालो, आणि एका मुक्या जनावराबद्दल मला विचारलं तेव्हा मी काय बोललो? रक्तातच आहे.

रात्री ऍडमला फोन केला. "मी चुकलो. तिला शिकवलंय तसं."

"चांगली गोष्ट रचलीस," तो म्हणाला. "सोमवारचं ठरलंय."

शनिवारी सकाळी सात वाजता त्याचाच फोन. वादळात मायकेलाच्या पिंजऱ्यावर झाड पडलं होतं आणि तिचं बॉबकॅट सुटलं होतं. बॉबकॅट म्हणजे अमेरिकेतलं रानमांजर. आपल्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट, आखूड शेपटी, कानांच्या टोकांना केसांचे झुपके. मायकेला आमच्या शेजारच्या शेतातली, प्राणी पाळायचं लायसन्स असलेली, पन्नाशीची बाई. ते मांजर तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. पोलीस बंदुका घेऊन आले होते. त्यांनी तिला सांगितलं होतं, शाळेच्या कुंपणापर्यंत गेलं तर गोळी. व्हेट बेशुद्धीचा बाण घेऊन तयार होता, पण बाणाला मांजर वीस पावलांवर आणि स्थिर हवं. माग काढायला कुत्री दोनच आणा, असंही पोलिसांनी बजावलं होतं.

ऍडमने रीजंटला घेतलं. रीजंट म्हणजे ताफ्याचा राजा. सात पिढ्यांची वंशावळ, गळा असा की चर्चची घंटा लाजेल. दुसरा दोर मी उचलला आणि ऍडम काही बोलायच्या आत टॅन्सीला व्हॅनमध्ये चढवलं.

"हिला कशाला?"

"सोमवारपर्यंत जिवंत आहे ना? मग कामावर आहे."

मायकेलाने मांजराचं अंथरूण दिलं. रीजंटने हुंगलं, दोरासकट ऍडमला ओढलं आणि गळा काढला. काय तो आवाज! रान दणाणलं. आणि तीनशे पावलांवरच्या झुडपातून ते मांजर गोळीसारखं सुटलं, सरळ रस्ता ओलांडून, एका डिलिव्हरी व्हॅनच्या चाकांपुढून.

"थांबवा त्याला!" मायकेला किंचाळली.

ऍडम थांबला नाही. रीजंटने पुन्हा माग धरला, पुन्हा गळा काढला, आणि मांजर पुन्हा उठलं. या वेळी शाळेच्या बाजूला. पोलिसाने खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

मी ऍडमपुढे जाऊन उभा राहिलो. "तुझा राजा व्हॅनमध्ये टाक."

"काय म्हणालास?"

"तो बोलतोय तोवर ते पळणार. पळालं की मरणार. टाक त्याला व्हॅनमध्ये."

ऍडमने पोलिसाकडे बघितलं. पोलीस म्हणाला, "म्हातारा बरोबर बोलतोय." तेव्हा कुठे त्याने रीजंटला मागे नेलं.

मी टॅन्सीला अंथरूण हुंगवलं. तिने मान खाली घातली आणि चालू पडली. बीटाचं शेत, कुंपण, ओढा, रोपांच्या एका नर्सरीची मागची बाजू. मागे मी, व्हेट, पोलीस, मायकेला. सगळ्यांत आवाज फक्त चिखलातल्या बुटांचा. नर्सरीच्या मागे लाकडी फळ्यांचा ढीग होता. त्याच्या अलीकडे दहा पावलांवर टॅन्सी थांबली, खाली बसली, पंजांवर हनुवटी टेकली आणि समोर बघत राहिली.

"वास हरवला का?" पोलीस कुजबुजला.

"नाही. सापडलंय."

फळ्यांच्या फटीत दोन झुपकेदार कान दिसले. मांजर फिस्कारलं. टॅन्सी हलली नाही. पुन्हा फिस्कारलं, जरा हळू. मग कान वर आले. दमलेलं होतं बिचारं. हे कसलं कुत्रं, असं तोंड करून ते तिच्याकडे बघत बसलं. व्हेटने गुडघा टेकला आणि बाण सोडला. दहा मिनिटांनी मायकेला ते मऊ पडलेलं धूड पोटाशी धरून चिखलात बसली होती आणि दुसऱ्या हाताने टॅन्सीचे कान कुरवाळत होती.

रविवारी गावच्या वेबसाइटवर फोटो आला. रीजंटचा! दिसतो देखणा ना. खाली ऍडमचं वाक्य: सात पिढ्यांचं रक्त वाया जात नाही.

फोटो बघून मी केनेलमध्ये गेलो आणि टॅन्सीच्या गळ्यात दोर घातला. ऍडम अंगणात बूट धूत होता.

"कुठे चाललास?"

"मेडनहेड. जिथनं आली तिथे देतोय."

"हाउंड घरात जात नाहीत, निसीम."

"ही घरातनंच आली होती. आणि तिच्या आईची वीण चालू ठेव. दोष आईचा नव्हता, माझ्या जिभेचा होता."

"हिला घेऊन गेलास तर परत येऊ नकोस."

"सकाळचं खाणं घातलंय सगळ्यांना," मी म्हणालो. "रीजंटचा डावा कान चिघळतोय, तो बघ. फोटोत नाही दिसत."

एकोणीस वर्षांत मी त्याच्याकडे रडून काही मागितलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. व्हॅनसुद्धा त्याची होती, म्हणून ती ठेवली. चार मैल आम्ही दोघं चालत गेलो.

आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला, वरची कडी निघाली, मग खालची. बाईंनी टॅन्सीला बघितलं आणि दाराची चौकट घट्ट धरली. टॅन्सीने त्यांचा हात चाटला आणि सरळ आत गेली. शशी कोटाची बटणं लावत होते. त्यांच्यापासून दहा पावलांवर, हॉलच्या टोकाला, ती बसली.

"ही कुणाची?" शशींनी विचारलं.

"आपली," बाई म्हणाल्या.

"बरं. मला क्लिनिकला निघायला हवं."

मला वाटलं बाई दार लावतील. त्यांनी दार सताड उघडं ठेवलं, ते जुनं यंत्र टॅन्सीच्या पट्ट्याला अडकवलं, शशींची टोपी त्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि त्यांना जाऊ दिलं. ते फाटकाबाहेर वळले. टॅन्सी उठली आणि काही न बोलता त्यांच्या मागे निघाली.

बाई ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होत्या. स्क्रू ड्रायव्हर सापडला, तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि वरच्या कडीकडे बोट दाखवलं.

"तेवढी काढून द्या, निसीमभाऊ. मी रवा भाजायला घेते."