बहुमताचा वास

आमच्या बिल्डिंगमध्ये तापाची साथ आली आणि जाताना बहुतेकांचा वास घेऊन गेली. ताप उतरला, खोकला थांबला, पण नाक काही कामावर रुजू होईना. डॉक्टर म्हणाले, अशा तापानंतर होतं असं. कुणाचा वास लवकर परत येतो, कुणाचा रेंगाळतो. हे ऐकून कमिटी घाबरली आणि तिने नियम केला : ज्याला वास येत नाही तो अजून आजारी, त्याने लिफ्ट वापरायची नाही.

त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये झाडून सगळ्यांना वास येऊ लागला. सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांना तर सर्वांत आधी.

हा नियम करणारे अध्यक्ष म्हणजे आमचे हे. यांचं अत्तराचं दुकान आहे. आमचा संसारच नाकावर चाललेला. बूच काढून बाटली नाकाखालून नुसती फिरवली की अत्तरात काय काय आहे ते हे सांगायचे, आणि लोक मान डोलवायचे. तापानंतर यांना गुलाबाचाही गंध येईना. एका सकाळी करपलेलं दूध पेलाभर पिऊन म्हणाले, "आज दूध छान आटलंय हं."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पेला खाली ठेवला.

"कुणाला बोलू नकोस," हे म्हणाले. "बहिऱ्या गवयाकडे कोण गाणं शिकायला जाईल? दुकानाला कुलूप लागेल."

म्हणून मी दुकानात यांच्या शेजारी बसू लागले. माझा ताप हलका होता, नाक शाबूत राहिलं होतं. गिऱ्हाईकाने आणलेली बाटली मी पुसायच्या निमित्ताने हातात घ्यायची, आणि गल्ल्याखाली यांच्या पायावर अंगठा दाबायचा. एक दाब म्हणजे गुलाब, दोन म्हणजे मोगरा, तीन म्हणजे चंदन. बाकीचं हे शब्दांनी भरून काढायचे. शब्द यांच्याकडे मुबलक.

माझं संध्याकाळचं मौन असतं. दिवे लागले की जेवणापर्यंत मनात देवाचं नाव, तोंडातून शब्द नाही. लहानपणी घेतलेलं व्रत, आजारपणातही मोडलेलं नाही. यांना ते फार आवडतं. कमिटीची मीटिंग हे नेमकी त्याच वेळी ठेवतात आणि अलीकडे मलाही बरोबर नेतात. नाक हवं, तोंड नको.

त्या दिवशीची मीटिंग तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींमुळे बोलवावी लागली होती. या मावशींना सगळे हुंगीमावशी म्हणतात. कुणाचे बूट, कुणाची मोरी, कुणाचं डोक्याचं तेल, मावशींच्या नाकातून काही सुटत नाही. साथीत त्या लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे नाकासकट परत आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, तळमजल्याला गॅसचा वास येतोय.

मीटिंग तळमजल्यावरच्याच खोलीत होती. गॅसच्या नळ्या तिच्याच मागच्या भिंतीवरून वर जातात. वारा बाधेल म्हणून दार-खिडक्या घट्ट लावल्या होत्या. आत पाऊल टाकताच मला कळलं, मावशींचं खरं आहे. कुजक्या कांद्यासारखा वास खोलीत नुसता कोंडला होता.

"येतोय ना?" मावशी म्हणाल्या. "का मलाच वेड लागलंय?"

 सगळ्यांनी हळूच एकमेकांकडे बघितलं. येत नाही म्हटलं की जिना, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं.

"मावशी, तुम्हाला गेल्या वर्षी माझ्या छत्रीचाही वास आला होता," सेक्रेटरी म्हणाले.

"होताच. अजून आहे."

मी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर घड्याळ होतं. हे म्हणाले, "हो, उशीर होतोय, आटपतो."

मग मी यांच्या पायावर अंगठा दाबला. गॅसला आमच्यात खूणच नव्हती. म्हणून नुसताच दाबत गेले, चार वेळा. यांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि सगळी खोली यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"चंदन," हे म्हणाले. "आणि शेवटी किंचित गुलाब."

"तेच म्हणतोय मी," वरच्या मजल्यावरचे काका लगेच म्हणाले. "चंदन. जिन्यापासूनच येत होतं."

"गुलाब जरा जास्त आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, काय बोलताय?" मावशी म्हणाल्या. "नाकं आहेत की चष्मा टेकायच्या खुंट्या?"

"मावशी, अध्यक्षांचा धंदा आहे हा. तुम्ही त्यांना वास शिकवणार?"

सेक्रेटरींनी मतं घेतली. चंदनाच्या बाजूने सगळे, गॅसच्या बाजूने मावशी. वास बहुमताने नामंजूर झाला. मी हात वर केला, तो यांनी स्वतःच्या बाजूने मोजला.

मावशी उठल्या. "मी गॅसवाल्याला बोलावते. माझ्या पैशाने."

"म्हणजे कमिटी खोटी?" काकांना राग आला. "अध्यक्ष, सोक्षमोक्ष लावाच. काडी ओढा. कर नाही त्याला डर कशाला?" त्यांनी खिशातून काड्यापेटी काढून यांच्यापुढे धरली.

यांनी ती घेतली. हात जरा थांबला, हे मला दिसलं. पण वीस-पंचवीस डोळे लागलेले. अत्तरवाल्याने चंदन म्हटलंय, आता माघार कशी घेणार? यांनी काडी बाहेर काढली.

देवाला मी मनात म्हटलं, तुझं माझं नंतर बघू.

"ओढू नका," मी म्हणाले. "यांना वास येत नाही. साथीपासून काहीच येत नाही. हा गॅस आहे."

 हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी यांना भरबाजारात उघडं पाडलं होतं.

"तुझं मौन आहे ना?" हे हळूच म्हणाले.

"होतं."

"मौनात बोललेलं इतिवृत्तात घेता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले.

मी यांच्या हातातली काडी काढून घेतली. तोवर मावशींनी दार उघडलं होतं. सगळे बाहेर पळाले, सर्वांत पुढे वरच्या मजल्यावरचे काका.

गॅसवाला आला, मुख्य चावी बंद करून नळीचा सैल झालेला सांधा दाखवला आणि डोक्याला हात लावून बसला. "गॅसला स्वतःचा वास नसतो," तो म्हणाला. "तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम घालतात."

"यांच्यासाठी दुसरं काहीतरी घाला," मावशी म्हणाल्या. "घंटा वगैरे."

हे रात्री जेवले नाहीत. सकाळी दुकान उघडावं की नाही, या विचारात बराच वेळ किल्ल्या हातात घेऊन बसले. बातमी आमच्या आधी बाजारात पोचणार हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी उघडलं.

पहिलं गिऱ्हाईक बँकेतले जुने कॅशियर. दोन बाटल्या काढायला लावून म्हणाले, "यातलं चांगलं कुठलं?"

यांनी एक बाटली उघडली, सवयीने नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिले. मी काही केलं नाही. निदान इथे तरी ते यांचं यांनीच बोलायचं होतं.

"मला येत नाही," हे म्हणाले. "साथीत गेला वास. हिला विचारा."

कॅशियरांनी मागे वळून बघितलं, कुणी नाही असं पाहून काउंटरवर वाकले.

"मलाही नाही येत," ते म्हणाले.

"मग अत्तर घेताय कशाला?"

"बायकोला कळू नये म्हणून. रोज लावतो आणि वा म्हणतो."

 मग कालपासून पहिल्यांदाच यांच्या चेहऱ्यावर दुकानदार उगवला.

"मग मोठी बाटली घ्या," हे म्हणाले. "वास काही लवकर परत नाही यायचा."