पायऱ्यांच्या गल्लीतली पिशवी

मित्रांनो, पार्सल आलं की तुम्ही हौसेनं खोका फोडता. पण तो खोका ज्या पिशवीतून आला, तिच्याकडे कधी पाहिलंत का? ती मी. पाठीवर घ्यायची, जुनी, जाड कापडाची पिशवी. मूळचा माझा रंग निळा होता. आता हे सांगूनही कोणाला पटत नाही.

कारखान्यातून आले तेव्हा माझी शिलाई भक्कम होती आणि ऐट त्याहून भक्कम. आधी मी व्हॅनमधून हिंडले. थाट मोठा, पण गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मा दिवस जायचा. मग स्कूटरवर गेले. ती चपळ खरी, पण प्रत्येक वळणावर माझ्या पोटातलं सगळं ढवळून निघायचं. शेवटी मी घरोघरी पार्सलं पोहोचवणाऱ्या ताईंच्या पाठीवर आले आणि तिथेच माझा जीव रमला.

ताईंकडे पायऱ्यांची गल्ली होती. तिथे चाकांचं काही चालत नाही. ताई मला रोज उलटी भरायच्या. शेवटच्या घराचं पार्सल तळाशी, पहिल्या घराचं सगळ्यात वर.

एके दिवशी गोदामाच्या साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी लोखंडी लॉकर बसवला. लोकांनी खाली यायचं, मोबाइलवरचा आकडा दाबायचा आणि आपला कप्पा उघडायचा.

साहेब म्हणाले, "ताई, गल्लीतल्या त्याच वीस घरांना एक दिवस लॉकर, एक दिवस तुम्ही. ज्याची पार्सलं जास्त पोहोचतील, ती पद्धत ठेवू."

"बरं," एवढंच ताई म्हणाल्या. गल्ली गेली तर त्यांचं कामच जाणार होतं.

लॉकरमधली पंधरा पार्सलं लोकांनी नेली, पाच तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी उत्साहाच्या भरात मला स्वतःच भरलं, अगदी यादीबरहुकूम. पहिल्या घराचं पार्सल आधी, म्हणजे थेट तळाला! पहिल्याच दारात ताईंना मला पायरीवर रिकामं करावं लागलं. सोबत आलेले साहेब ओशाळले.

"चुकलं बुवा माझं."

"असू दे. आता यातली अर्धी उचला आणि चला वर."

साहेब मुकाट्यानं खोके छातीशी धरून चढू लागले. मला हसू आवरेना. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना पलंगापासून दारापर्यंत यायला चार मिनिटं लागली. साहेब घड्याळ बघत होते, ताई शांतपणे उभ्या होत्या. वरच्या मजल्यावर तान्ह्या बाळाच्या आईनं एका हातानं दार उघडलं.

पण सात घरांना कुलूप होतं. तेराच पार्सलं पोहोचली. आम्ही हरलो होतो, मित्रांनो. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

ताई मात्र म्हणाल्या, "साहेब, ही सात माणसं कामावर जातात. त्यांच्यासाठी मी तीन-तीनदा चढते. त्यांचं तुम्ही लॉकरमध्येच टाकत जा."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. साहेबांनी यादी काढली आणि कालची उरलेली पाच नावं बोटानं शोधली. पहिलंच नाव आजोबांचं होतं, दुसरं बाळाच्या आईचं. पाचही दारांत ते आज स्वतः धापा टाकत गेले होते.

"ही माणसं खाली येणार कशी?" साहेब स्वतःशीच बोलले. मग यादीची घडी करून म्हणाले, "ताई, गल्ली तुमचीच. कुलपाची घरं तेवढी लॉकरला देऊ."

आता मी थोडी हलकी असते, ताईंची पाठही कमी दुखते. माझा एक पट्टा त्यांनी नव्या दोऱ्यानं शिवून घेतला. मी सुखात आहे.

मित्रांनो, घरी नसाल तर आधी कळवा. घरी असाल आणि उठायला वेळ लागणार असेल, तर आतून नुसतं "आलो, आलो" म्हणा. तेवढं ऐकू आलं की आम्ही दोघी कितीही वेळ उभ्या राहू.