राक्षसाचा पाय

जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्लबात शनिवारी संध्याकाळी मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवत. एकोणऐंशी साली तिथे एक जुना, काळापांढरा जपानी सिनेमा आला. समुद्रातून डोंगराएवढी पाल निघते आणि अख्खं शहर पायाखाली घेते, एवढीच गोष्ट. बाकीचे लोक हसले आणि घरी जाऊन जेवले. कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर आनंदराव मेश्राम मात्र ती पाल डोक्यात घेऊनच क्वार्टरवर आला, आणि पुढची चार वर्षं ती काही तिथून हलली नाही.

पालीच्या आत माणूस आहे आणि शहर पुठ्ठ्याचं आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर खूळ शिरलं. माणसानेच केलंय ना, मग आपल्याला का जमू नये? निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका साहेबाकडून त्याने आठ एमएमचा जुना कॅमेरा घेतला. लायब्ररीतल्या इंग्रजी मासिकातून, डिक्शनरी मांडीवर ठेवून, तो चालवायला शिकला. त्याची बायको पंचफुला शेजारणीला म्हणाली, "लोकायच्या घरी फ्रिज येते, आमच्या घरी पाल आली."

खात्यात त्याचं नाव 'पालवाला' पडलं. चहाच्या सुट्टीत कोणीतरी भिंतीवरची पाल दाखवायचं आणि विचारायचं, "आनंदराव, तुमची हिरोइन आली का?" तो सगळ्यांबरोबर हसायचा, पण ते त्याला लागायचं. चाळिशीला आलेल्या माणसाला रोज रोज हसं करून घेणं सोपं नसतं. म्हणून क्लबाचे सेक्रेटरी भय्याजी जेव्हा म्हणाले, "वार्षिक कार्यक्रमात दाखवू तुमचा पिक्चर, पण गाव मोडलं पाहिजे बरं, नुसतं फिरणं लोक पाहत नाहीत," तेव्हा त्याने तिथल्या तिथे शब्द दिला. एकदा पडद्यावर गाव मोडलं की ही तोंडं बंद होतील, असा त्याचा साधा हिशोब होता.

रिळं मिळाली तीनच. त्यातली दोन त्याने दिघोरीला, आपल्या गावी, पावसाळा सरता सरता वापरली. चुलतभाऊ डोमा गावच्या दंडारीच्या खेळात नाचणारा गडी, अंगापिंडाने दांडगा. त्याला बांबूच्या कामट्या आणि बारदान्याचा पोशाख चढवला, मागे टायरची शेपटी जोडली. डोमा तलावातून चिखल निथळत वर आला आणि धानाच्या बांधीतून माणसं पळाली. बायका पळता पळता हसत होत्या, त्याला इलाज नव्हता. राहिलं होतं शेवटचं रीळ, म्हणजे गाव मोडायचं. रीळ धुवायला टपालाने मुंबईला जायचं आणि दोन महिन्यांनी परत यायचं, तोवर काय उतरलं ते देवालाही ठाऊक नसायचं. चुकलं तर चुकलं.

आनंदरावने आईला, मालनबाईला, कार्ड टाकलं: 'धान निघाल्यावर येतो. मातीचं एक गाव बनवून ठेव.' कोणतं गाव ते लिहायचं त्याला सुचलं नाही. मालनबाईलाही ते विचारायचं कारण नव्हतं.

दिवाळीनंतर तो पंचफुलाला घेऊन आला तेव्हा यादोराव पाटलांच्या खळ्यावर दिघोरी उभी होती. जी ती बाई आपापलं घर करून घेऊन आली होती. तलावाची माती, तणसाचं छप्पर, दारापुढे चिमूटभर रांगोळी. मारुतीचं देऊळ होतं, बुद्धविहार होता, त्यावर बोटभर निळा झेंडा. यादोराव स्वतः उकिडवे बसून आपल्या कोठाराचं दार नीट करत होते. "उत्तरेकडून हाय बाप्पा ते," ते म्हणाले, "चुलीकडून नाही." आनंदराव हरखून गेला. जपान्यांच्या पुठ्ठ्यापेक्षा हे कितीतरी सरस होतं.

राक्षस जड वाटावा म्हणून कॅमेरा दुप्पट वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर तो सावकाश चालताना दिसतो, हे मासिकात लिहिलं होतं. मात्र त्यामुळे रीळ दीडेक मिनिटातच संपणार होतं. आनंदराव जमिनीला पोट लावून झोपला, कॅमेरा सुरू केला आणि ओरडला, "चाल, डोमा."

डोमा आला. गल्लीत एक पाय ठेवला, मग दुसरा. चंद्रभागाबाईच्या घरापाशी शेपटी उचलून हातात धरली. विहाराशी थांबून त्याने बारदान्याचे दोन्ही पंजे जोडले आणि वळसा घालून पुढे गेला. छपराची एक काडी हलली नाही. अर्धं रीळ फिरलं तेव्हा आनंदरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याने कॅमेरा बंद केला.

"मोडत काहून नाही बे?"

डोमाने तोंडावरचा जबडा वर केला. "कोनाच्या घरावर पाय देऊ, सांग. चंद्रभागाबाईकडं काल जेवलो मी."

"अरे, माती हाय ते."

"मले मालूम हाय. तं तूच घाल."

आनंदरावने पोशाख घातला. कॅमेरा पंचफुलाच्या हातात दिला. ती नव्या पातळासकट खळ्यावर आडवी झाली. काठावर सगळं गाव उभं होतं. त्याला वाटलं, आईच्या घरापासून सुरुवात करावी. आपलं घर आधी मोडलं तर कोणाला बोलायला जागा राहणार नाही.

आत घामाचा आणि गाळाचा वास होता. जबड्याच्या फटीतून सगळं गाव दिसत नव्हतं, वीतभरच दिसत होतं. बाहेरून त्याने तास न् तास उजेड पाहिला होता, कॅमेऱ्याची जागा पाहिली होती, घर काही पाहिलं नव्हतं. आता पाय उचलला आणि त्या वीतभरात ओटा आला. ओट्यावर करंगळीएवढा मातीचा माणूस होता, एक पाय दुमडून बसलेला.

बाप असाच बसायचा. आनंदराव नोकरीला लागला तेव्हापासून दर शनिवारी, त्याची वाट पाहत, लाखांदूरची एसटी येईपर्यंत. म्हातारा वारला त्या शनिवारी आनंदराव ओव्हरटाइमला थांबला होता. ही गोष्ट घरात कोणी कधी काढली नव्हती, मालनबाईने तर नाहीच.

"टाक नं पाय," पंचफुला कुजबुजली. "चालू हाय कॅमेरा."

पाय खाली येईना. रीळ संपेपर्यंत तो तसाच राहिला. कॅमेऱ्यात खट् झालं तेव्हा त्याने वाकून ओट्याच्या बाजूला, गल्लीत पाय टेकवला. बायका पुढे झाल्या आणि आपापलं घर उचलून घेऊन गेल्या.

पुढचे दोन महिने वाईट गेले. भय्याजींनी नोटीस बोर्डावर 'राक्षसाच्या पायाखाली गाव!' असं लाल शाईने लिहून टाकलं होतं. रीळ आलं, त्याने खोलीची दारं लावून एकदा पाहिलं आणि डबीत ठेवलं. कार्यक्रमाला न जाण्याचाही विचार केला. पण मालनबाई एसटीने येऊन पहिल्या रांगेत बसली होती.

तलावातून राक्षस निघाला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. दोन्ही पंजे जोडले तेव्हा मैदान हसून लोटपोट झालं. मग शेवटी तो एका घरापुढे आला आणि पाय उचलला. दुप्पट वेगाची करामत आता दिसली. पाय वर जाता जाईना, गेला तो खाली येता येईना. हसणं हळूहळू थांबलं. पाय तसाच वर असताना पडदा पांढरा झाला.

"मोडलं कुठं, पालवाले?" मागून कोणीतरी विचारलं.

भय्याजी जवळ आले. "शेवटचं रीळ आणायचं राहिलं का हो?"

हो म्हणायची ती आयती सोय होती. आनंदराव म्हणाला, "नाही. एवढंच आहे. माझ्यानं मोडवलं नाही."

तो आईशेजारी येऊन खाली बसला. मालनबाई अजून पांढऱ्या पडद्याकडे पाहत होती. तिने अंधारातच हात पुढे करून त्याचं गुडघ्याखालचं हाड दाबलं, लहानपणी दाबायची तसं.

"लय वेळ वर धरला होतास, बाबू," ती म्हणाली. "दुखला असंन पाय."

"हो माय," आनंदराव म्हणाला. "दुखला."