साडेसहा ग्रॅम

मित्रांनो, कंपासपेटीएवढी, काळी, कडांचा रंग उडालेली अशी मी एक जुनी पेटी आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायची पेटी. माझ्या पोटात दोन तपकिरी काचा आहेत आणि त्यांच्या मधोमध आकडे कोरलेली एक बारीक नळी बसायची. बसायची म्हणते, कारण आता ती नाही. ती कुणी फोडली तेच मी सांगणार आहे. वस्तूंनी राग धरू नये असं म्हणतात. मी धरला आहे. पाच वर्षं झाली, तो तसूभरही कमी झालेला नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात आले आणि पुढे मालाडच्या एका शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात. तिथे अकरावी-बारावीला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. माझ्यासारखी दुसरी पेटी तिथे नव्हती, म्हणून माझा मान मोठा. शिपाई कुंडलिककाका मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि कुणी मला घरी नेलं तर वहीत त्याची सही घेत.

माझं काम अगदी साधं. नळीत थोडं आम्ल घ्यायचं, त्यात बोटातलं मोजून घेतलेलं थेंबभर रक्त सोडायचं. दहा मिनिटांत ते तपकिरी होतं. मग त्यात थेंब थेंब पाणी घालत जायचं, रंग माझ्या काचांशी जुळेपर्यंत. जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. बाईचं बारा-तेरा ग्रॅम असावं, पुरुषाचं चौदा-पंधरा. पाणी जास्त मावलं की रक्त सकस. लवकर थांबावं लागलं की समजायचं, या माणसात रंगच उरलेला नाही.

१९८४ सालची गोष्ट. तळपदे सरांनी बारावीच्या वर्गात सांगितलं, "सक्ती नाही. ज्याला हवं त्यानेच करा. आपल्या भागातल्या चाळीस बायकांचं हिमोग्लोबिन मोजायचं आणि अहवाल लिहायचा. दहा मार्क वरचे मिळतील."

दोनच हात वर झाले. एक अनुपमाचा. तिचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. दुसरा शकुचा. अंधेरीचं एक हॉस्पिटल दरवर्षी या वर्गातल्या पहिल्या तिघांना शिकाऊ म्हणून घ्यायचं. अनुपमा तिसरी होती, शकु चौथी. दोघींमध्ये चार मार्कांचं अंतर होतं.

सर शकुकडे बघून म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्या बायका बोट तरी देतील का गं?"

"देतील सर," शकु म्हणाली.

चार रविवार मी तिच्या झोळीतून तिच्या वस्तीचा, कुरारचा चढ चढले. तिच्या वडिलांनी, भीमराजनी, दारापुढे उजेडात एक स्टूल मांडलं. शकु सुया उकळून, स्पिरिटचे बोळे करून बसली. आधी कुणी जवळ येईना. नळावरच्या एकीने तर विचारलं, "रक्त काढून विकतेस का काय गं?" मालवणकडच्या सुंदराबाई पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "माझ्या अंगात रगात खंय आसा? त्यातला तू काय काढतलस?" असं म्हणत त्यांनीच पहिलं बोट पुढे केलं. मग बाकीच्या आल्या.

सुंदराबाईंचं नऊ निघालं. पुढचीचं आठ. तिसरीचं साडेसात. शकुला वाटलं, आपलंच काही चुकतंय. सातव्या क्रमांकाला तिची आई बसली, रतनबाई. आकडा आला साडेसहा. शकुने नळी धुतली, दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं आणि पुन्हा मोजलं. साडेसहाच.

"किती आले गं?" आईने विचारलं.

"थोडे कमी आहेत."

"कमी तर कमी. तिकडे हंडा भरून वाहतोय, मला जाऊ दे."

रतनबाई उठल्या, भिंतीला हात लावून क्षणभर थांबल्या आणि हंडा उचलून निघाल्या. शकु त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. त्या चाळीस बायकांत एकीचंही दहाच्या वर निघालं नाही. शकुने अहवालात कुणाचं नाव लिहिलं नाही, फक्त क्रमांक लिहिले.

सोमवारी तळपदे सरांनी तो अहवाल वर्गात उघडला. वाचता वाचता ते हसायला लागले. "ऐका रे! क्रमांक सात, साडेसहा ग्रॅम. रोज वीस हंडे पाणी वाहते असंही लिहिलंय. साडेसहावर बाई उभी राहत नाही आणि ही हंडे वाहते! आकडे रचायचे तर नीट रचावेत." सगळा वर्ग हसला. सरांनी लाल शाईने पानभर 'बनावट' असं लिहिलं आणि खाली शून्य दिलं. अनुपमाच्या अहवालात सगळ्या बायकांचं बारा ते चौदा होतं. तिला दहापैकी दहा.

मी टेबलावरच होते. रतनबाईंचं रक्त माझ्या नळीतून गेलं होतं, आणि तो माणूस त्या रक्ताला हसत होता. त्या दिवसापासून त्याची फजिती बघायची एवढी एकच इच्छा माझ्यात उरली.

शकु रडली नाही. माझी नळी धुताना ती कुंडलिककाकांना म्हणाली, "काका, या माणसाला मी भर वर्गात तोंडघशी पाडणार."

"जपून गं पोरी. मार्क त्याच्या हातात आहेत."

"होते ते सगळे त्याने घेतले ना? आता कसली भीती?"

पुढच्या प्रॅक्टिकलला ती उभी राहिली. "सर, माझे आकडे खोटे आहेत असं तुम्ही म्हणालात. मी सगळ्यांसमोर परत मोजून दाखवते. कुणाचंही."

सरांना गंमत वाटली. त्यांनी बाही वर सारली. "माझंच घे. बघू माझे किती सांगतेस."

शकुने त्यांचं बोट टोचलं. काचेच्या बारीक नळीला लावलेल्या रबरातून तिने तोंडाने रक्त ओढलं, खुणेवर थांबवलं आणि माझ्या नळीत सोडलं. दहा मिनिटांत ते तपकिरी झालं. मग ती मला घेऊन खिडकीशी गेली आणि पाणी घालू लागली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? नळीतलं पाणी आठाच्या रेघेवर आलं तेव्हा तिचा हात थांबला. रंग अजून गडद होता, पण तो तिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हता. 'आठ' एवढंच म्हणायचं होतं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला असता, ते डॉक्टरकडे धावले असते, आठवडाभर त्यांना झोप लागली नसती. माझ्या तर जिवाचा आटापिटा चालला होता. म्हण आठ! म्हणून टाक!

शकुने ओठ आवळले आणि पुढचा थेंब टाकला. मग आणखी एक. नऊ, अकरा, तेरा. रंग जुळला तेव्हा ती वळली. "साडेचौदा, सर."

"बघा!" सर वर्गाकडे वळून हसले. "साडेचौदा. अगदी बरोबर."

"म्हणजे पेटी बरोबर आहे ना, सर?"

"पेटीला काय झालंय?"

"आणि माझा हात?"

सर बाही खाली ओढू लागले.

"पेटी हीच होती, सर. हातही हाच होता. मग क्रमांक सातही बरोबर आहे. ती माझी आई आहे. साडेसहावर ती उभी राहते. तुम्ही हसलात, तेव्हासुद्धा ती नळावर उभी होती."

सर गडबडीने म्हणाले, "मग अनुपमाचे आकडे इतके वेगळे कसे?"

दारात उभे असलेले कुंडलिककाका वही घेऊन पुढे आले. "सर, पेटी एकच आहे. चारही रविवारी शकुची सही आहे. अनुपमाताईंनी मोजलं कधी आणि कशाने?"

अनुपमा रडायला लागली. "सरच म्हणाले होते, पुस्तकात बघून लिही, दहा देतो."

त्या वेळी सरांच्या चेहऱ्याचा जो रंग झाला, तो मोजायला कुठलीच काच पुरली नसती. मी तो डोळे भरून पाहिला. तसं सुख मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

गोष्ट प्राचार्यबाईंपर्यंत गेली. शकुला दहा मार्क मिळाले आणि ती तिसरी आली. अनुपमाने पुढच्या महिन्यात शाळा सोडली. तिचं मात्र मला वाईट वाटतं. त्या वयात मास्तरांनी सांगितल्यावर नाही म्हणणारी मुलं किती असतात? तळपदे सरांना नुसती समज देऊन सोडलं. त्याच संध्याकाळी त्यांनी प्रयोगशाळेत एकट्याने येऊन माझी नळी बेसिनवर आपटली आणि माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'निकामी'. मला तळच्या कपाटात ढकललं.

पण मुलांची तोंडं कुणाला बंद करता येतात? तेव्हापासून अख्खी शाळा सरांना 'साडेचौदा' म्हणते. कपाटाच्या फटीतून मला ऐकू येतं, "पळ रे, साडेचौदा आला!" दरवर्षी नवी मुलं येतात आणि आठवड्याभरात त्यांना ते नाव ठाऊक होतं. मी काळोखात पडल्या पडल्या दर वेळी तितकीच खूश होते. मोठ्या मनाने माफ करावं म्हणतात. मन मोठं असलेल्यांनी करावं. मी कंपासपेटीएवढी आहे.

शकु अंधेरीला लागली. तिने तो अहवाल पालिकेच्या दवाखान्यात नेऊन दिला आणि कुरारच्या बायकांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मागे एकदा ती कुंडलिककाकांना भेटायला आली होती, तेव्हा सांगत होती की आईचं आता साडेदहा झालंय, आणि ती आता भिंतीला हात न लावता उठते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून मी तुमचा निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. मला नाही जपलंत तरी चालेल. आज जेवताना एवढंच बघा, की तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवायला बसतं, आणि तोवर तिच्यासाठी भांड्यात काय उरलेलं असतं. ते बघायला काचेची नळी लागत नाही.