बकासुराच्या अंगणातल्या चादरी

मित्रांनो, कानांवरचे हात काढा, आज मी बंद आहे! मी एका लाँड्रीच्या मागच्या अंगणातला जुना डिझेल जनरेटर. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा हिरवा रंग नुसता चकाकत होता.

वीज रोजच जायची. मी धडधडू लागलो की धुलाईची यंत्रे पुन्हा फिरत. "हा आहे म्हणून धंदा आहे," असे मालक कौतुकाने सांगत. मी मिळालो स्वस्तात, पण पोट बकासुराचे. शिवाय माझ्या धुराने कपडे काळवंडत, म्हणून धुतलेल्या चादरी छपरावर वाळत घालायची रीत पडली.

विजेचे बिल आणि माझे डिझेल भागवता भागवता घरात काही उरेना. तेव्हा मालकांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, दागिने गहाण ठेवून छपरावर सौर पॅनेल बसवले.

"एवढ्या पैशांत असले चार जनरेटर आले असते!" सासूबाई म्हणाल्या. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

पण महिना झाला तरी भर दुपारी मलाच हाक. मालक वैतागले. "छपरावर पांढरा हत्ती पोसतोय आपण. उद्या विकून टाकतो, निम्मे पैसे आले तरी चालतील."

वहिनींचे डोळे भरले. ओल्या चादरींची बादली उचलून त्या वर गेल्या. दोरीवर चादर पसरली आणि तिची सावली थेट पॅनेलवर पडलेली त्यांना दिसली.

"अहो, वर या! आपणच तुमच्या हत्तीला पांघरूण घालून झोपवतोय, तो वीज कुठून देणार?"

"मग चादरी वाळवायच्या कुठे? खाली धूर आहे."

"खालचा बंद राहिला, तर धूर कसला?"

मालक हसले आणि दोऱ्या अंगणात बांधल्या. दुसऱ्या दिवशी यंत्रे उन्हावर फिरली. बिल उतरले, डिझेलचा डबा कोरडा पडला. काही वर्षांत पॅनेलची सगळी किंमत वसूल झाली. सूर्याने मात्र अजून बिल पाठवलेले नाही! वहिनींचे दागिने परत आले, ते सासूबाईंनी स्वतः त्यांच्या हातात घातले.

मित्रांनो, वस्तू घेताना तिची किंमत तुम्ही विचारताच, पण ती रोज काय खाणार, हेही विचारा. पॅनेलवरची धूळ पुसत जा. आणि आम्हा म्हाताऱ्यांनाही अधूनमधून तेल द्या, सतत पाऊस लागला की आम्हीच लागतो.

एरवी मी मजेत आहे. पांढऱ्या चादरी दिवसभर माझ्या अंगावरून सळसळतात, आणि एकीलाही डाग पडत नाही.