काकांची केबिन

आईची शिलाई मशिनं काकांनी वसाहतीच्या हॉलमधून काढून जिन्याखाली टाकली, त्या दिवशी ठमीने मनाशी खूणगाठ बांधली. काका म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ आणि वसाहतीचे अध्यक्ष. हॉलचा खिडकीकडचा सगळा उजेड त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये कोंडून ठेवला होता. "हॉल सभेसाठी आहे, चिंध्यांसाठी नाही," असं शिवण शिकायला आलेल्या बायकांदेखत ते बोलले, आणि आई खालमानेने "बरं, भाऊजी" म्हणाली. ते 'बरं' ठमीला काट्यासारखं सलत राहिलं.

ठमी आर्किटेक्चर शिकत होती. त्या सहामाहीला काम मिळालं: हवी तशी बदलता येईल अशी, सगळ्यांनी मिळून वापरायची जागा आखा. तिने डोळे झाकून वसाहतीचा हॉल निवडला.

पहिला नकाशा बघून कॉलेजातल्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "यात माणसं कुठायत? कुणा एकाला हाकलायची घाई तेवढी दिसते."

ठमीने काकांचं सगळं सांगून टाकलं.

"सूड उगव हवा तर. पण आधी तिथे जाऊन बस, बघ."

ठमी हॉलमध्ये जाऊन बसायला लागली. म्हाताऱ्यांना भिंतीला पाठ टेकायला हवी असते, पोरं दाराशीच घुटमळतात, सभेला माणसं जमली की मागच्यांना काही ऐकू येत नाही. दात-ओठ खात का होईना, ती शिकत गेली. सरकत्या भिंती, मिटून ठेवायची बाकं, चाकांची कपाटं असं एकेक करत तिने नकाशा चार वेळा फाडला आणि पाचव्यांदा काढला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता जमलं."

हॉलची दुरुस्ती तशीही निघालीच होती. ठमीने नकाशा समितीपुढे पसरला.

"माझी केबिन जागच्या जागी आहे ना?" काकांनी विचारलं.

"आहे की. ही काय."

खजिनदारांनी बोट ठेवलं. "पण ही रेघ तुटक का गं?"

"मला कळतो नकाशा!" काका त्यांच्यावर खेकसले आणि सही ठोकून मोकळे झाले. तुटक रेघ म्हणजे सरकती भिंत, हे सांगायला ठमीने तोंड उघडलं नाही.

नव्या हॉलच्या पहिल्या दिवशी सगळी वसाहत लोटली. काका केबिनमध्ये चपला काढून, टेबलावर पाय टाकून उद्घाटनाच्या बोलावण्याची वाट बघत बसले होते. ठमीने भिंतींची कडी काढली आणि शिवणाच्या बायकांना खूण केली. "ओढा!"

दोन्ही भिंती सर्रकन बाजूला गेल्या. भर गर्दीत, टेबलावर पाय टाकलेले काका! कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू आवरेना कुणालाच.

"माझी केबिन कुठे गेली?"

"तुमच्याच सहीने गेली, काका," ठमी शांतपणे म्हणाली.

घरी आई कडाडली, "थोरल्या माणसाची अशी शोभा करतात?" काकांनी अध्यक्षपद सोडलं आणि भावाच्या घरची पायरीही.

ठमीला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ती समोरून येताना दिसली की काका आता रस्ता ओलांडून पलीकडे जातात. मग ती मुद्दाम मोठ्याने हाक मारते, "काका, या ना हॉलवर!"